लॉनचा राखणदार

सर्वेश धुरीविरुद्ध त्याच्या लॉननं पहिली तक्रार केली, तेव्हा तो त्या लॉनवरच उभा राहून फोनवर बोलत होता. कोपऱ्यात रोवलेल्या करड्या खुंट्यातून आवाज आला, "आपण बराच वेळ एकाच जागी उभे आहात. माती दबते आहे. कृपया सरकावे." आवाज जुन्या आकाशवाणीच्या बातम्यांसारखा, शुद्ध आणि कुणाचंच काही न लागणारा. सर्वेशनं फोनवरच्या माणसाची माफी मागितली, मग लॉनची मागितली, आणि या गडबडीत शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन उभा राहिला. तिथल्या खुंट्यानं त्याला युक्रेनियनमधून हाकललं.

ॲल्डरमूर हे कॅनडातलं गाव इतकं उत्तरेला आहे, की तिथं उन्हाळा सुरू झाल्याचं लोकांना एकमेकांना सांगावं लागतं. अशा ठिकाणी हिरवळ राखणं हा एके काळी छंद होता. नंतर तो नगरपालिकेचा नियम झाला आणि आता ते एक नातं झालं होतं. नातं म्हटल्यावर कटकटी आल्याच.

झालं होतं असं. कापलेल्या गवताचा ताजा, हिरवा वास माणसाला फार आवडतो. तो वास म्हणजे खरं तर गवताची बोंब असते: पातं तुटलं की त्यातून वायू सुटतात आणि आजूबाजूची पाती त्या वासानं सावध होतात. जमिनीखाली तर याहून मोठा कारभार. गवताच्या मुळांना बुरशीचे धागे जोडलेले असतात, आणि त्या धाग्यांतून साखर, खनिजं आणि बातम्या इकडून तिकडे जातात. संशोधकांनी मुळांपाशी राहणाऱ्या एका जिवाणूत बदल केला. बदललेला जिवाणू अशा प्रत्येक रसायनाला विजेच्या बारीक ठोक्यानं उत्तर देऊ लागला. हे ठोके खुंटा वाचायचा आणि त्यांची वाक्यं करायचा. तहान लागली, पातं फार आखूड कापलं, अमुक कोपऱ्यात पानं कुजतायत, वगैरे.

गवत विचार करत नाही, हे संशोधक पहिल्या दिवसापासून बजावत होते. खुंट्याची वाक्यं म्हणजे थर्मामीटरला दिलेली जीभ, एवढंच. पण थर्मामीटर जर तुमच्या भाषेत "मला बरं वाटत नाही" म्हणाला, तर माणूस त्याला सूप नेऊन देतो. ॲल्डरमूरनं तेच केलं. खुंट्यांमुळे लॉनवर खर्च होणारं गावाचं पाणी आणि फवारणीची औषधं निम्म्यावर आली, नगरपालिका खूश झाली आणि खूश नगरपालिका जे करते ते तिनं केलं, म्हणजे आणखी नियम.

जूनमध्ये सर्वेशचे बाबा, गोविंद धुरी, उन्हाळ्यापुरते राहायला आले. कणकवलीच्या एसटी स्टँडवर बाबांनी आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. सर्वेशची आई गेल्याला तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं सर्वेशच्या मनात एकच वाक्य होतं: बाबा, इथंच राहा. ते त्यानं विमानतळावर म्हणायचं ठरवलं होतं. तिथं तो "सामान एवढंच?" म्हणाला. दोघंही कोकणातले पुरुष. त्यांच्यात भावना हवामानाच्या मार्गे जात, आणि इथं हवामान फारच थोडं होतं.

बाबांनी लॉन पाहिलं आणि त्याभोवती एक फेरी मारली.

"गवताक पानी घालतंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घालावं लागतं."

"मगे वाढला काय कापतंस."

"हो."

"आणि परत पानी घालतंस." बाबांनी सुनेकडे पाहिलं. "केतकी, ह्येका बरा आसा मां?"

कोकणात गवताशी माणसाचं वैर असतं. ते न विचारता येतं आणि कापून दमवतं. कुणी ते मुद्दाम पेरतो आणि रुजावं म्हणून काळजी करतो, हे बाबांच्या बुद्धीत बसेना. पण त्यांना दुसरं काही कामही नव्हतं. केतकी दातांच्या दवाखान्यात जायची, सर्वेश पाइपलाइनच्या ऑफिसात. घरात बोलायला उरला खुंटा.

पहिल्या आठवड्यात बाबांनी त्याला विचारलं, की तू कुणाचो? खुंट्यानं मातीतल्या नत्राचं प्रमाण सांगितलं. बाबांना ते उत्तर पसंत पडलं. मग ते रोज सकाळी चहाचा चोथा आणि तांदळाचं धुवण घेऊन अनवाणी लॉनवर जायला लागले. खुंटा सांगेल ते करायचे, पण आपल्या पद्धतीनं. पातं तीन बोटांहून खाली कापू नका, म्हणजे मुळं खोल जातील, असं खुंट्यानं सांगितलं की ते स्वतःची बोटं लावून मोजायचे. कापलेलं गवत तिथंच पडू द्या, तेच खत होतं, असं सांगितलं की म्हणायचे, आळशी मनुष्याची शेती दिसता ही. जुलैच्या उन्हात लॉन पिवळं पडलं तेव्हा सर्वेश घाबरून पाइप घेऊन धावला. बाबांनी त्याला अडवलं. थंड मुलखातलं हे गवत उन्हाळ्यात झोपतं आणि गारवा आला की उठतं, हे खुंट्यानं त्यांना सांगितलं होतं. "निजला हा तां. तू कित्याक हलवतंस?"

ऑगस्टमध्ये लॉन उठलं ते असं, की रस्त्यानं जाणारे लोक थांबून पाहू लागले. आणि खुंट्याची भाषा बदलली. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यासारखं बोलायचं, ही त्या यंत्राची सवय. एका संध्याकाळी सर्वेश घरी आला तेव्हा खुंटा आकाशवाणीच्याच सुरात म्हणत होता, "पश्चिमेच्या कोपऱ्यात पानी कमी पडला हा. घालशात तर बरा." सर्वेशनं केतकीला विचारलं, हे कधीपासून? केतकी म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे.

बाबांचं परतीचं विमान सप्टेंबरअखेरचं होतं. ते चुकवून चालणार नव्हतं. गावच्या जत्रेत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचा मान धुरींचा, आणि धुरींत तो बाबांचा. ते हजर नसले तर मान चुलतभाऊ तातूकडे जाणार होता. तातूला गाऱ्हाण्याची अर्धी वाक्यं आठवत नाहीत. उरलेली तो स्वतः रचतो, असं बाबांचं मत होतं.

सर्वेशनं ते वाक्य म्हणायचं आणखी दोनदा ठरवलं. एकदा तो "बाबा, मी काय म्हणतो" इथवर पोचला आणि मग त्यानं हवेत गारवा वाढल्याचं सांगितलं. बाबांनी दुजोरा दिला.

निघण्याआधी केतकीनं गावातल्या मराठी घरांना जेवायला बोलावलं. तीनच घरं होती, पण पोरंबाळं धरून अंगण भरलं. जेवणं झाली आणि बाबांना वाटलं, एवढी माणसं जमलीत, दूरचा प्रवास आहे, तर एक गाऱ्हाणं व्हायला हवं. देव कुठला, हा प्रश्न होता. त्यांनी अंगणात नजर फिरवली. हद्दीवर उभा, मातीत रोवलेला, न हलणारा असा एकच होता. त्यांनी खुंट्यापुढे पान ठेवलं, नारळ ठेवला आणि स्टँडवरच्या आवाजात सुरुवात केली.

"बा हद्दीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला असंच म्हणायचं असतं. विचार करायचा नसतो. नागपूरच्या देवपुजारी कुटुंबानंसुद्धा म्हटलं.

"आज ही जी लेकरा परमुलखात तुझ्या पायाकडे जमली हत, तेंका संभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या वाटेत कोन आडवो इलो, तर तेका उभो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाबा रंगात आले. त्यांनी सगळ्यांच्या नोकऱ्या, व्हिसा, गुडघे आणि पोरांच्या परीक्षा देवाच्या पदरात घातल्या. मग लॉनकडे पाहून त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. "आणि ह्यो जो हिरवो पसारो मी चार म्हयने राखलंय, तेची राखण ह्याच धुरीच्या हातात रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अंगण म्हणालं.

त्यानंतर एक आवाज उशिरा आला. संथ, शुद्ध, बातम्यांचा. "होय महाराजा," खुंटा म्हणाला. "नोंद झाली."

पोरं हसली. मोठ्यांना हसावं की नमस्कार करावा ते कळेना, तेव्हा काहींनी दोन्ही केलं. बाबा मात्र गंभीरपणे मागे सरले आणि म्हणाले, पावला.

काय नोंद झाली ते दुसऱ्या दिवशी कळलं. नगरपालिकेचा गेल्याच हिवाळ्यातला एक नियम होता. लॉन एका विशिष्ट माणसाच्या वजनाला, चालीला आणि हाताला सरावतं. तो माणूस ऐन शरदात बदलला तर गवत बिचकतं आणि बर्फाखाली कुजतं. सबब लॉन तंदुरुस्त असेल तर त्याला राखणदार नेमता येतो. नेमणूक खुंट्यापुढे, मोठ्यानं, प्रौढ साक्षीदारांच्या देखत आणि सर्वांच्या स्पष्ट होकारानं झाली पाहिजे. गावात आजवर अशी एकही नेमणूक झाली नव्हती, कारण ॲल्डरमूरचे लोक आपापल्या अंगणात एवढ्या मोठ्यानं आणि एवढ्या एकमतानं काही बोलतच नसत. धुरींच्या अंगणातला होकार इतका स्पष्ट होता, की यंत्रणेनं त्याला "अनुकरणीय" असा शेरा दिला.

"ह्याच धुरी" म्हणजे बोलणारे गोविंद धुरी, असं यंत्रणेनं धरलं होतं. राखणदारानं बर्फ वितळेपर्यंत गाव सोडायचं नाही. यंत्रणेनं बाबांचा व्हिसा आपणहून मेअखेरपर्यंत वाढवून घेतला, विमानाचं तिकीट रद्द केलं आणि अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे गवतानं माका धरून ठेवला? सर्वेश म्हणाला, तसंच काहीसं. हे म्हणताना त्याला आतून इतकं हलकं वाटलं, की तो लगेच बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. तीन वर्षं अडकलेलं वाक्य गवतानं बोलून टाकलं होतं. त्याला फक्त वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा होता.

चेहरा त्यानं दोन आठवडे केला. बाबा त्या दोन आठवड्यांत आक्रसले. लॉनवर जायचे, खुंट्याशी बोलायचे नाहीत. रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडायचे. एकदा तातूचा फोन आला. मान मी सांभाळतो, तू काळजी करू नको, असं तो इतक्या आनंदानं म्हणाला, की बाबांनी फोन उलटा ठेवला. केतकीनं त्या दिवशी सर्वेशला कपाटापाशी गाठलं आणि विचारलं, तू नगरपालिकेत गेलास का? सर्वेश म्हणाला, जाणारच आहे. केतकी म्हणाली, तू आनंदात आहेस. सर्वेशनं ते नाकारलं. केतकी म्हणाली, तू काल भांडी घासताना शीळ घालत होतास, सर्वेश, आणि ते तिकडे भिंतीकडे तोंड करून झोपतायत.

तो गेला. ऑक्टोबरच्या मध्यावर नगरपालिकेच्या ब्रेंडा कोवाल्चुक घरी आल्या. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, प्रेमळ बाई. त्यांनी दारातच बूट काढले, मोज्यांवर लॉनवर गेल्या आणि खुंट्याला आधी नमस्कार केला. बर्फ अजून पडलं नव्हतं, पण हवा सुरीसारखी होती. केतकीनं चहा आणून दिला.

ब्रेंडाबाईंनी समजावलं ते असं. नेमणूक मोडता येते. त्याला एकच अट. घरमालकानं लॉनवर अनवाणी उभं राहून, खुंट्यापुढे, राखणदाराच्या देखत सांगायचं, की हा माणूस मला या घरात नको आहे. बस. कारण विचारत नाहीत.

"एवढंच?" केतकीनं विचारलं.

एवढंच, त्या म्हणाल्या, पण ते खरं असावं लागतं. आणि खरं-खोटं लॉनला कळतं. मनाविरुद्ध बोलताना माणसाचं वजन नकळत टाचांवर जातं, जणू तो आपल्याच वाक्यापासून मागे सरतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण मुळांना दाबातला गुंजभर फरकही समजतो. ही सोय कुणी मुद्दाम केली नव्हती. माती कुठं दबते हे मोजता मोजता ती आपोआप झाली होती, आणि गावातली बरीच जोडपी आता भांडायला डांबरी रस्त्यावर जात, असं त्यांनी चहाचा घोट घेऊन सांगितलं.

बाबा खुंट्याच्या शेजारी कानटोपी घालून उभे होते. सर्वेश बूट काढून त्यांच्यासमोर आला. गवत बर्फासारखं लागलं. त्यानं खुंट्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि पुन्हा खुंट्याकडे पाहणं सोपं वाटलं.

"मला," तो म्हणाला, "बाबा या घरात नको आहेत."

 "नोंद झाली नाही," खुंटा म्हणाला. "वजन टाचेर."

ब्रेंडाबाई म्हणाल्या, पुन्हा प्रयत्न करा, थंडीनं होतं तसं. सर्वेशनं पुढे झुकून पाहिलं. तो इतका झुकला की केतकी सावरायला पुढे आली. "मला बाबा नको आहेत," तो म्हणाला.

"नोंद झाली नाही."

"ते गेले तर मला बरं वाटेल."

"टाचेर."

"ते इथं आहेत याचा मला त्रास होतो."

"पुन्हा टाचेर," खुंटा म्हणाला, आणि त्या बातम्यांच्या आवाजात आता थोडं कौतुक असल्यासारखं वाटलं. ते अर्थात नव्हतं. थर्मामीटरला कौतुक नसतं.

बाबा त्याच्याकडे पाहत होते. स्टँडवर एखाद्या गाडीच्या पाटीवर एक गाव असतं आणि ती जाणार असते दुसऱ्याच गावाला, तेव्हा उतारू पाहतात तसे. सर्वेशचे कान तापले. पाय गोठले होते आणि कान तापले होते, आणि यातलं खरं आपलं तापमान कोणतं हे त्याला कळेना. त्याला आठवलं, आपण इथं बाबांना सोडवायला उभे आहोत, आणि दर वाक्यागणिक त्यांना आणखी बांधतोय.

मग तो झुकायचा थांबला. नुसता उभा राहिला.

"बाबांना जायचंय," तो म्हणाला. "मला ते जायला नको आहेत. आई गेल्यापासून मी त्यांना राहा म्हणणार होतो. म्हटलं नाही. आता तुझ्यामुळे ते राहतायत आणि जेवत नाहीत. तर त्यांना जाऊ दे."

ब्रेंडाबाईंनी कप खाली केला. हे नियमात बसत नाही, त्या हलकेच केतकीला म्हणाल्या.

 खुंटा म्हणाला, "दोन्ही पाय सारके. नोंद झाली."

बाई म्हणाल्या, यंत्रणेनं घेतलं म्हणजे घेतलंच, तिच्याशी कोण वाद घालणार. त्यांनी बूट घातले आणि बाबांचा हात हलवून आता तुम्ही मोकळे आहात असं सांगितलं. बाबांनी थँक्यू म्हटलं. मग ते सर्वेशला म्हणाले, "मोजे घाल. पडसा होयत." आणि घरात गेले.

त्या रात्री ते पोटभर जेवले.  सर्वेशनं तिकिटं शोधली. जत्रेच्या आधी पोचवणारं एक होतं. तारीख सांगायला तो सकाळी उठून आला, तर बाबा लॉनवर. दबलेल्या मातीच्या गोळ्या उपसून त्यांनी जागोजागी भोकं पाडली होती आणि आता ते भात पेरावा तसं मुठीनं गवताचं बी फेकत होते. पानं झाडून हद्दीला ढीग केला होता.

सर्वेशनं खिडकी उघडली. "बाबा, एक विमान आहे. पुढच्या बुधवारचं. काढू?"

बाबांनी मूठ थांबवली नाही. "आता ह्या पेरलंय ना," ते म्हणाले. "अर्धवट टाकून कसा जातलंय? ह्या रुजान वर इला काय जातंय."

"आणि जत्रा? तातूकाका?"

"तातूक म्हणांदे एक वरस. लोकांका कळांदे तरी."

सर्वेशनं खिडकी लावली.  केतकी मागं पोळ्या करत होती.

"आता पेरलेलं बी," ती म्हणाली, "उगवत नाही ना?"

"थंडीत उगवत नाही. बर्फाखाली पडून राहतं. मेमध्ये रुजतं."

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"विसरलो," सर्वेश म्हणाला. स्वयंपाकघराची फरशी काही बोलली नाही.

केतकीनं तव्यावरची पोळी उलटली. "मी सांगायला गेले होते मघाशी," ती म्हणाली. "ते म्हणाले, माका म्हायती आसा, सर्वेशाक सांगू नको."